मंडळाचा मिक्सर, घरचा लॅपटॉप: रेकॉर्डिंगसाठी जोडणी कशी करावी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. मंडळाचा मिक्सर माळ्यावर पडून आहे, मुलीचा लॅपटॉप आहे, पेटीवाला गावातलाच आहे. मग आरत्या आणि दोन-चार अभंग घरीच रेकॉर्ड करायला काय हरकत? हरकत काहीच नाही. अडते ते मधल्या वायरीपाशी. दुकानात विचारले तर एक जण ईपी पिनची, म्हणजे हेडफोनला असते तसल्या बारीक पिनची, वायर हातात ठेवतो, दुसरा म्हणतो नवा ऑडिओ इंटरफेसच, म्हणजे आवाज संगणकात नेणारे खोकेच, घ्या. मिक्सरची पाठ बघितल्याशिवाय यातले कुठले उत्तर आपल्या कामाचे ते ठरवता येत नाही, म्हणून पाकीट उघडण्याआधी मिक्सर उलटा करा.

मंडपात मिक्सर चालवलेला आहे, पण संगणकाला कधी जोडलेला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. गेन, फेडर, पॅन हे शब्द तुम्हाला नवे नसतील असे धरून चालतो.

पायरी १: हातात कुठला मिक्सर आहे ते ओळखा

यूएसबीचे भोक दिसले म्हणजे काम झाले, असा समज सगळीकडे आहे. आधी त्या भोकाचा आकार बघा. पेन ड्राइव्ह बसते ते चपटे भोक स्वस्त मिक्सरवर हमखास असते, आणि बहुतेक वेळा ते गाणी वाजवण्यापुरतेच असते. शेजारी ब्लूटूथचा दिवाही असतो. त्याचा संगणकाशी संबंध नाही. संगणकासाठीचे भोक चौकोनी, जुन्या प्रिंटरला असते तसले; अलीकडच्या मिक्सरवर त्या जागी टाइप-सी येऊ लागले आहे. शंका असेल तर मिक्सरच्या माहितीपत्रकात ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते बघा.

चौकोनी भोक सापडले, तरी ते संगणकाला किती चॅनेल पाठवते हा पुढचा प्रश्न. यामाहाचा एमजी१०एक्सयू किंवा बेहरिंगरचा झेनिक्स क्यू८०२यूएसबी असे मिक्सर संगणकाला फक्त दोन चॅनेल देतात, डावा आणि उजवा. मिक्सरवर माइक कितीही लावा, यूएसबीतून जाते ते सगळ्यांचे मिळून झालेले स्टिरिओ मिश्रण. घरोघरी हाच प्रकार जास्त आढळतो. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके, टास्कॅमचा मॉडेल १२, झूमचा लाइव्हट्रॅक एल-८ किंवा बेहरिंगरचा एक्सआर१८ यांची गोष्ट वेगळी: प्रत्येक माइक संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर जातो. एक्सआर१८ तर एका यूएसबी वायरीतून १८ चॅनेल पाठवतो. विकत घ्यायचाच असेल आणि मंडळ मोठे असेल, तर पैसे इथे घाला. इफेक्टची बटणे चोवीस की शंभर, याने रेकॉर्डिंगमध्ये काडीचा फरक पडत नाही.

यूएसबी नसलेला जुना अॅनालॉग मिक्सर असला तरी निराश होऊ नका. एक खोके मध्ये घालावे लागते, एवढेच. ते पायरी ३ मध्ये.

पायरी २: यूएसबी मिक्सर जोडणे

सगळे फेडर खाली घ्या, मिक्सर चालू करा, मग यूएसबी वायर थेट लॅपटॉपला लावा. हब नको. वायर लांबलचक नको, दोन-तीन मीटर पुष्कळ.

मॅकवर यातल्या बहुतेक मिक्सरना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर यामाहासाठी कंपनीच्या साइटवरचा यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर टाका. बेहरिंगरचे छोटे मिक्सर विंडोज आपोआप ओळखते, पण यादीत कंपनीचे नाव न दिसता ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ असे काहीतरी दिसते. तोच तुमचा मिक्सर.

आता विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी तपासा. इनपुट म्हणून मिक्सर निवडलेला हवा. त्याच्या गुणधर्मांत ‘२ चॅनेल’ हवे; विंडोज कधीकधी मिक्सरला साधा माइक समजून एकच चॅनेल घेते आणि मग उजवी बाजू गायब का, म्हणून आपण वायरी बदलत बसतो. ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, नाहीतर तानपुऱ्याचा सूर गोंगाट समजून विंडोज तो पुसायला जाईल. आणि प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना, तेही बघा. मॅकवरही ही परवानगी सॉफ्टवेअरला वेगळी द्यावी लागते. सगळे बरोबर असून मीटर हलत नसेल, तर पहिला संशय या परवानगीवर घ्या.

मिक्सर जोडताच लॅपटॉपचे स्पीकर गप्प होतात, त्याला घाबरू नका. विंडोजने आवाज बाहेर जाण्याची वाटही मिक्सरकडे वळवलेली असते. याचा अर्थ असाही होतो, की व्हॉट्सअॅपची ‘टिंग’ आता मिक्सरमध्ये शिरते. रेकॉर्डिंगच्या वेळी इंटरनेट बंद ठेवलेले बरे.

पायरी ३: यूएसबी नसेल तर

लॅपटॉपला एकच ईपी भोक असते, त्याच्यावर हेडफोनचे चित्र. मिक्सरचा मेन आउट त्यात घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. ते भोक हेडसेटसाठीचे आहे: माइकची बाजू मोनो, आणि माइकच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी बनवलेली. मिक्सरमधून निघणारा लाइन सिग्नल त्याच्या शेकडो पटींनी मोठा. परिणामी फाटलेला आवाज, तोही मोनो. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या यूएसबी साउंड कार्डाचे भोकही बहुधा असेच असते.

घरी जुना डेस्कटॉप असेल तर त्याच्या पाठीमागचे निळे भोक लाइन-इन असते. मिक्सरच्या ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’च्या दोन आरसीए भोकांमधून (जुन्या टीव्ही-डीव्हीडीला असतात तसल्या लाल-पांढऱ्या) या निळ्या भोकात ईपी स्टिरिओ वायर लावली की झाले. गुलाबी भोक माइकचे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

लॅपटॉपसाठी मात्र दोन इनपुटचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. मिक्सरच्या मेन आउटमधून दोन पी-३८ (गिटारला असतो तसल्या जाड जॅकच्या) वायरी इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये, डावी १ मध्ये, उजवी २ मध्ये. इंटरफेसवर ‘इन्स्ट’चे (गिटारसारख्या वाद्यासाठीचे) बटण असेल तर ते बंद, फँटम (माइकला वीज पुरवणारे बटण) बंद, गेन अगदी तळाला. तिथून हळूहळू वर. व्यावसायिक लाइनची पातळी +४ डीबीयू आणि घरगुती आरसीएची −१० डीबीव्ही, म्हणजे दोघांत सुमारे १२ डेसिबलचा फरक. त्यामुळे रेक आउटवरून मेन आउटवर आलात तर गेन पुन्हा लावावाच लागणार.

वायरीतली एक खोड नीट समजून घेण्यासारखी आहे. पी-३८ जॅकवर दोन काळे पट्टे म्हणजे तीन भाग. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमध्ये या तिघांपैकी दोघांतून एकच आवाज जातो, पण उलट-सुलट: एकात वर, दुसऱ्यात खाली. आता हीच वायर कुणी ईपी कन्व्हर्टर लावून स्टिरिओ भोकात घातली, तर संगणक एकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा समजतो. हेडफोनवर ऐकताना थोडे विचित्र, पोकळ वाटते, पण चालून जाते. मग ती फाइल कुणी मोनो स्पीकरच्या फोनवर लावतो, दोन्ही बाजू एकमेकांना खाऊन टाकतात आणि बुवांचा आवाजच नाहीसा होतो. रेकॉर्डिंग ‘फक्त माझ्या फोनवर वाजत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी ही वायर शोधा. स्टिरिओ ईपीकडे जाताना दुसऱ्या टोकाला दोन वेगळे, एकेका पट्ट्याचे पी-३८ असलेली वाय वायरच वापरा.

पायरी ४: सॉफ्टवेअर

फुकट आणि पुरेसे हवे असेल तर ऑडॅसिटी. अनेक ट्रॅक एकाच वेळी घ्यायचे असतील तर रीपर, जे ६० दिवस विनाशुल्क वापरून बघता येते. मॅकवर गॅरेजबँड.

ऑडॅसिटीत ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट ‘विंडोज वासापी’ ठेवा, रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून मिक्सर, चॅनेल २. यादीत नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेले दिसेल, ते निवडू नका. ते संगणकाचाच आवाज रेकॉर्ड करते. प्रोजेक्ट रेट ४८००० किंवा ४४१००, पण विंडोजमध्येही तोच आकडा ठेवा. मिक्सर देत असेल तर २४ बिट. दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या हिशेबाने मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला एक जीबीच्या आसपास जागा लागते. शेवटी किबोर्डवर आर दाबले की रेकॉर्डिंग सुरू.

पायरी ५: फिरणारा आवाज थांबवा

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. गाणे सुरू करावे तर प्रतिध्वनी, मग प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी, मग किंचाळी. माइक, खोली, स्पीकर, सगळ्यांवर संशय घेतला जातो. बहुतेकदा दोष एका छोट्या बटणात असतो.

काय होते ते बघा. माइकचा आवाज मिक्सरच्या मेनमधून यूएसबीने संगणकात जातो. सॉफ्टवेअर तो ऐकवण्यासाठी परत यूएसबीने मिक्सरकडे पाठवते. मिक्सरवर ‘यूएसबी टू मेन’ किंवा ‘२-ट्रॅक टू मेन’ दाबलेले असेल, तर परत आलेला आवाज पुन्हा मेनमध्ये पडतो आणि पुन्हा संगणकाकडे निघतो. एक गोल तयार होतो.

तो दोन ठिकाणी तोडता येतो. मिक्सरवर परतीचा आवाज फक्त ‘फोन्स’ किंवा ‘कंट्रोल रूम’कडे वळवा. काही मिक्सरवर तो एखाद्या स्टिरिओ चॅनेलवरच येतो. त्या चॅनेलचा फेडर रेकॉर्डिंगच्या वेळी पूर्ण खाली. दुसरे म्हणजे सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटरिंग, म्हणजे आत येणारा आवाज लगेच परत ऐकवणे, बंद करा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मिक्सरच्या हेडफोनमधून थेट ऐकू येतोच, संगणकाला वळसा घालून यायची गरज नाही. त्या वळशात वेळही जातो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, २५६ सॅम्पल असेल तर ४८ किलोहर्ट्झला साधारण ५ मिलिसेकंद, १०२४ असेल तर २१, आणि परतीचा प्रवास आणखी वेगळा. ठेक्यावर बोट ठेवून गाणाऱ्याला एवढे पुरते.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या. खोलीत स्पीकर चालू ठेवून रेकॉर्डिंग करायचा विचारही नको.

पायरी ६: गेन लावणे

गेन लावताना ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ उपयोगाचे नाही. बुवांना अभंगातली सगळ्यात चढी ओळ गायला सांगा, तीही भरात आल्यासारखी. चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर, मेनही तिथेच, आणि गेन एवढाच की मिक्सरचा लाल दिवा एकदाही लागत नाही. मग संगणकाचा मीटर बघा. सरासरी −१८ च्या आसपास आणि सगळ्यात मोठा ठोका −६ च्या खाली राहिला की उत्तम. मिक्सरवरचा शून्य आणि संगणकावरचा शून्य एक नव्हेत. मिक्सरवर शून्याच्या वर थोडे गेले तरी चालते. संगणकावर शून्य म्हणजे भिंत, त्यापलीकडचा आवाज कापलाच जातो आणि परत मिळत नाही. रेकॉर्डिंग हळू वाटले तरी घाबरू नका, ते नंतर वाढवता येते.

मंडपातल्या सवयीने हात गेनकडे जातो, तो आवरा. इथे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा नाही.

आरत्या रेकॉर्ड करत असाल तर घुमटाची, म्हणजे चामड्याने मढवलेल्या मडक्याच्या वाद्याची, वेगळी काळजी घ्या. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, तेव्हापासून ते तरुणांच्या हातात पुन्हा दिसू लागले आहे, ही चांगलीच गोष्ट. पण माइकसाठी ते अवघड वाद्य. चामड्यावरची थाप एकीकडे आणि मडक्याच्या उघड्या तोंडातून निघणारा घुमार दुसरीकडे. माइक उघड्या तोंडाशी नेलात तर नुसती हवा आणि धडधड येते. साधा डायनॅमिक माइक चामड्याच्या बाजूने, दीड-दोन फुटांवर, जरा तिरका धरा. शिवाय चवथीचे दिवस म्हणजे पावसाळी हवा. चामडे सैल पडते, ऊब दिली की चढते. तापवून चढवलेल्या घुमटावरच गेन लावा. थंड घुमटावर लावलेला गेन दुसऱ्या आरतीला लाल दिवा दाखवतो.

टाळ आणि झांज माइकपासून जेवढे लांब, तेवढे बरे. त्यांना स्वतंत्र माइक लागत नाही, ते सगळीकडे पोचतात. गायकाच्या माइकची पाठ टाळकऱ्यांकडे येईल अशी बैठक ठेवा. कार्डिऑइड माइक पाठीमागचे सगळ्यात कमी ऐकतो.

कंडेन्सर माइक असेल तर आधी वायर लावा, फेडर खाली घ्या, मग ४८ व्होल्टचे फँटम चालू करा. छोट्या मिक्सरवर हे एकच बटण सगळ्या एक्सएलआर इनपुटना लागू असते, म्हणून त्या इनपुटना दुसरे काय लावले आहे ते बघून मगच दाबा.

पायरी ७: दोनच चॅनेल असले तरी दोन ट्रॅक

स्टिरिओ यूएसबी मिक्सरचे दुखणे असे, की पेटी जास्त झाली आणि गाणे कमी पडले तर नंतर दुरुस्त करता येत नाही. सगळे एकत्र झालेले असते. यावर पॅनच्या खुंटीचा उपाय आहे.

गायकाच्या चॅनेलचा पॅन पूर्ण डावीकडे फिरवा. पेटी, तबला किंवा पखवाज, सगळ्यांचे पॅन पूर्ण उजवीकडे. मिक्सरचे रिव्हर्ब पूर्ण बंद, कारण ते दोन्ही बाजूंना पसरते. आता संगणकात जी स्टिरिओ फाइल येते तिच्या डाव्या बाजूला गाणे आणि उजव्या बाजूला साथ. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ केले की दोन मोनो ट्रॅक मिळतात, दोन्ही मध्यभागी. पाहिजे तसे वर-खाली करा, रिव्हर्ब फक्त गाण्याला द्या.

हेडफोनमध्ये मात्र हे फार चमत्कारिक ऐकू येते.

“अरे, माझा आवाज एकाच कानात का?”

“बुवा, राहू दे तसाच. नंतर मध्ये आणतो.”

हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर निम्मी बैठक यातच जाते. हेडफोन नकोच असतील तर सरळ एकत्र बसून, हेडफोनशिवाय गा. भजनाला तेच जास्त मानवते. माइकांमध्ये एकमेकांचा आवाज थोडा मिसळणार. तो पूर्ण टाळायचा असेल तर आधी पेटी आणि ठेका घ्या, मग ते ऐकत गाणे वेगळे घ्या. माझे मत विचाराल तर वास्कोच्या दामोदर सप्ताहात किंवा कला अकादमीच्या भजन स्पर्धेत गाणारी मंडळे एकमेकांच्या डोळ्यांत बघून लय पकडतात. त्यांना वेगळे बसवून केलेले रेकॉर्डिंग स्वच्छ होते, पण बसते.

हमिंग, वीज आणि पाऊस

सगळे जोडून झाले आणि खाली एकसारखी ‘हूऽऽ’ ऐकू येते. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर अर्थिंगचा गोल आहे. लॅपटॉप, मिक्सर, इंटरफेस सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, भिंतीच्या एकाच प्लगमधून. तरी राहिली तर अॅनालॉग मिक्सर आणि इंटरफेसच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा रेकॉर्डिंगपुरते लॅपटॉपला बॅटरीवर ठेवा. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून हमिंग घालवणारे कारागीर भेटतील. पावसात ओल्या जमिनीवर, अनवाणी, हातात धातूचा माइक धरून बसणाऱ्या माणसासाठी हा उपाय जिवावरचा आहे. करू नका आणि करू देऊ नका.

‘हूऽऽ’ ऐवजी ‘झर्रर्र’ असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की माइकच्या वायरीत चरचर सोडतो. पंखा बंद केला की गेली. इन्व्हर्टरवरही असेच: स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर चरचरतो, साइन वेव्हचा त्रास देत नाही.

वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो पण मिक्सर बंद पडतो, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी यूएसबीची वस्तू मधेच नाहीशी होते. टेक तिथेच तुटतो. छोटा यूपीएस मिक्सरला लावला तर हा प्रश्न मिटतो, छोट्या मिक्सरला वीज अशी कितीशी लागते!

नळ्यांच्या छपरावरचा पाऊस कुठलेही सॉफ्टवेअर धड काढू शकत नाही. पत्रा असेल तर बोलायलाच नको. स्लॅबखालची, कपड्यांनी भरलेल्या कपाटांची खोली निवडा. सकाळी लवकर बसणार असाल तर पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा टेकमध्ये धरूनच चाला, तो वेळेचा पक्का असतो. काम झाले की माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत कंडेन्सर माइक चरचरू लागतात आणि जॅकवर हिरवा गंज चढतो. फेडर खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आठ-दहा वेळा वर-खाली करा.

मंडळी उठण्याआधी

टेक झाला की लगेच डब्ल्यूएव्ही म्हणून सेव्ह करा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. एमपी३ नंतर, ग्रुपवर पाठवण्यापुरती. मग चहा येईपर्यंत सगळा टेक सुरुवातीपासून ऐका, एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर. बुवांचा आवाज दोन्हीकडे आहे का, पेटीखाली गुणगुण आहे का, तिसऱ्या कडव्यात लाल दिव्याची फाट आहे का, एवढे बघा. काही चुकले असेल तर पेटी अजून उघडीच आहे, तेवढे कडवे पुन्हा घेता येते. पखवाजाची कणीक काढून झाली की मग कुणी बसत नाही.